सह्याद्रीच्या पोटातले वीजगृह

मी मूळचा देडतलाईचा, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातला. आमच्या मुलखातली तापी जन्मतःच पश्चिमवाहिनी. म्हणूनच पूर्वेकडे जाणारी नदी माणसाने पश्चिमेला वळवावी, याचे मला सहलीत फार नवल वाटले. कोयनेचे वीजगृह पाहावे म्हणून आम्ही चिपळूणहून पोफळीस गेलो. दिसले ते डोंगरात शिरणाऱ्या बोगद्याचे तोंड! आगाऊ परवाना काढण्याचे आम्हांला सुचले नव्हते; तेव्हा बाहेरूनच परतावे लागले.

“पण इमारत कुठे आहे?” एकाने विचारले. प्रश्न रास्त होता. खोपोलीला 1915 साली सुरू झालेल्या टाटांच्या केंद्राचे नळ घाटाच्या उतारावरून उघडे उतरतात आणि पायथ्याशी वीजगृह उभे आहे. कोयनेच्या या वीजगृहाला मात्र दर्शनी भिंतच नाही. ते सारे कातळात कोरलेले आहे.

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेस वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेस वळून कऱ्हाडला कृष्णेस मिळते. त्या वळणापाशी धरण बांधले, पाणी नवजाजवळून बोगद्यात घेतले आणि कण्याखालून कोकणाकडे सोडले. तिथे सुमारे पावणेपाचशे मीटरांची उडी मिळते. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा दाब प्रचंड. उघड्या नळाला तो एकट्याने सोसावा लागतो. डोंगरातल्या पोलादी अस्तराला मात्र भोवतालच्या काळ्या पाषाणाचा आधार मिळतो. शिवाय दरडींचे भय नाही. म्हणून नळही आत गेले आणि त्यांच्यामागोमाग यंत्रशाळाही.

या दालनाला खिडकी नाही. हवा आणि उजेड दोन्ही बाहेरून आणावे लागतात. छत कमानीचे, कारण वरच्या डोंगराचा भार कमानच बाजूंवर उतरवते. (आपल्याकडच्या लेणी कोरणाऱ्यांना या पाषाणाची पारख होतीच.) आत आठ जनित्रे आहेत, मिळून 600 मेगावॅटची. पहिले 1962 साली चालू झाले. प्रत्येकाखाली पेल्टन चक्र असते: परिघावर वाट्या बसवलेल्या आणि त्यांवर पाण्याची बारीक, वेगवान धार. उंची फार आणि पाणी बेताचे, तिथे हेच चक्र सोयीचे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर परिसरात दीडशेहून अधिक माणसे गेली आणि धरणाला तडे पडले. पुढे धरणास मागून काँक्रीटचे टेकू दिले गेले.

परतताना आमच्या कानडी विभागातला विजापूरकडचा मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “वीज मिळाली हे खरे रे, पण हे पाणी आमच्या कृष्णेत यायचे होते ना?” मला उत्तर देता येईना. चक्रावरून उतरलेले पाणी शेवटी वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. ते पुन्हा घाट चढत नाही. बच्छावत लवादाला हा हिशेब करावा लागला. त्याने 1976 च्या अंतिम निवाड्यात कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. महाविद्यालयात परतल्यावर हा आकडा मी त्याला दाखवला. तो त्याने वहीत उतरवून घेतला आणि विचारले, “दुष्काळाच्या वर्षीही एवढेच?”