रन ओव्हरनंतरची ड्यूटी

कोपरला जलद लोकल थांबत नाही. वरून वसई-दिवा मार्ग जातो, खाली मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग, आणि पूल टाळून रूळ ओलांडणारी घाईतली माणसं. ताशी 100 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर कापते. रुळावर कुणी दिसलं की मोटरमन हॉर्न दाबून धरतो, इमर्जन्सी ब्रेक लावतो. पण भरलेली लोकल थांबायला काही शे मीटर लागतात. गाडी बाजूला घेण्याची सोयच नसते. मधल्या सेकंदांत त्याच्या हाती फक्त बघणं उरतं. केबिनमध्ये तो एकटा, गार्ड पार शेवटच्या डब्यात. मग खबर द्यायची आणि तीच गाडी पुढे न्यायची. डब्यात तोवर ‘आता काय झालं?’ सुरू झालेलं असतं.

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडले, तेव्हा गर्दीवर, दारांवर रान उठलं. उठायलाच हवं होतं. पण त्या चर्चेत गाडी चालवणारा कुठेच नसतो. रन ओव्हर, म्हणजे गाडीखाली माणूस येणं, ही मोटरमनला कामावर झालेली इजा आहे, असं मानून त्याला तिथूनच ड्यूटीमुक्त केलं पाहिजे. ब्रिटनमध्ये चालकाला अशा वेळी उतरवलंच जातं. ‘त्यांना सवय होते’ हे उत्तर मला पटत नाही. झाली असेल सवय, तर ती जास्तच काळजीची गोष्ट. कारण पुढचा सिग्नल त्याच डोळ्यांनी वाचायचा असतो, आणि लाल सिग्नल ओलांडला तर नोकरीवर गदा येते. ‘मागेल त्याला आराम मिळतो’ असंही म्हणतील. पण चार सहकाऱ्यांदेखत ‘मला जमत नाही’ असं कोण म्हणेल?

माणसं कुठून आणायची, हा आक्षेप मात्र खरा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये एका सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर मध्य रेल्वेच्या मोटरमननी जादा काम नाकारलं आणि अनेक लोकल रद्द झाल्या. सिग्नल चुकल्यावरच्या कारवाईचा ताण हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. वेळापत्रक जादा कामावर उभं असेल, तर दोष वेळापत्रकाचा. त्याची किंमत धक्का बसलेल्या माणसाने का मोजावी? ड्यूटीवर येताना लॉबीत, म्हणजे हजेरीच्या जागी, मोटरमनची श्वासचाचणी होते; धक्का बसल्यावरची मदतही तिथूनच निघावी. कल्याणच्या लॉबीत अशा वेळेसाठी एक राखीव मोटरमन बसवा, आणि रन ओव्हरची खबर येताच, मागणीची वाट न पाहता, त्याला पाठवा.