शाळेच्या बागेतील ट्यूलिप आणि वसंताची नोंद

शीत प्रदेशातील शेतकऱ्याला वसंत ऋतूचा प्रश्न हा केवळ सृष्टिसौंदर्याचा नसून पोटापाण्याचा असतो. हिवाळ्यात तेथील जमीन गोठते. बर्फ वितळताच पेरणीची घाई केली, तर मागाहून पडणाऱ्या कडाक्याच्या थंडीने कोवळी रोपे करपतात. फार उशीर केला, तर पीक तयार होण्यापूर्वीच पुढचा हिवाळा येऊन ठेपतो. दिनदर्शिकेतील तारीख दरवर्षी तीच असली, तरी हवेतील ऊब दरवर्षी तीच नसते. म्हणून ओकची पालवी खारीच्या कानाएवढी झाली म्हणजे मका पेरावा, असा ठोकताळा अमेरिकेतील जुने शेतकरी पाळीत असत. हवेतील उष्णतेचा हिशेब झाड आपोआप ठेवते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

हाच अनुभव पद्धतशीर नोंदींच्या रूपात आणण्याचे काम तेथील शाळकरी मुलांनी केले. १९९०च्या दशकात सुरू झालेल्या ‘जर्नी नॉर्थ’ या उपक्रमात अनेक शाळांनी आपल्या बागेत ट्यूलिपचे वाफे तयार करून वसंताच्या आगमनावर नजर ठेवली.

प्रयोगाची पद्धत

ट्यूलिपचा कंद दिसण्यास आपल्या कांद्यासारखा असतो. हिवाळ्यापूर्वी, जमीन गोठण्याच्या आत, तो सुमारे ७ इंच खोल लावतात. काही आठवडे सलग थंडी मिळाल्याखेरीज त्यातून चांगले फूल येत नाही. पुढे जमीन उबदार होऊ लागली म्हणजे कोंब वर येतो व काही आठवड्यांनी फूल उमलते. विद्यार्थ्यांनी दोनच तारखा टिपावयाच्या: पहिला कोंब जमिनीबाहेर दिसल्याची आणि पहिले फूल उमलल्याची. या तारखा नकाशावर मांडल्या असता वसंत दक्षिणेकडून उत्तरेकडे कसा सरकतो, हे मुलांना डोळ्यांनी पाहता येते.

या प्रयोगाचे खरे मर्म त्यातील समानतेत आहे. सर्व शाळांसाठी ‘रेड एम्परर’ हा एकच तांबडा वाण ठरविण्यात आला. कारण एका गावी लवकर फुलणारा व दुसऱ्या गावी उशिरा फुलणारा वाण लावला, तर तारखांतील फरक हवामानाचा की वाणाचा, हे सांगता येणार नाही. भिंतीलगत कंद लावले, तर भिंतीच्या उबेने कोंब लवकर येतील आणि नोंद फसवी ठरेल. म्हणून वाण, खोली व जागा यांबाबत सर्वांनी एकच नियम पाळावा लागतो.

शेतीशी संबंध

ऋतूच्या अशा चालीचा शेतीसाठी उपयोग करण्याचा विचार जुना आहे. ॲन्ड्र्यू हॉपकिन्स या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९१८ साली एक नियम मांडला. त्यानुसार वसंतात उत्तरेकडे दर एक अंश अक्षांशास, अथवा उंचीत दर ४०० फुटांस, फुलोरा साधारणपणे ४ दिवस मागे पडतो. गव्हावरील हेसियन माशीचा उपद्रव टळावा म्हणून पेरणी केव्हा करावी, हे ठरविण्यासाठी त्याने या नियमाचा उपयोग केला. अर्थात हा नियम सरासरीचा आहे. एखाद्या वर्षी प्रत्यक्षात काय घडले, हे स्थानिक नोंदीवरूनच कळते.

२०१२ साली मिशिगन राज्यातील बागाईतदारांना याचा कटू अनुभव आला. त्या वर्षी मार्च महिन्यात असाधारण उष्मा झाला व सफरचंद आणि चेरीची झाडे वेळेआधीच फुलोऱ्यावर आली. एप्रिलमध्ये पुन्हा पारा गोठणबिंदूखाली गेला आणि फुलोरा मारला गेला. सफरचंदाचे व आंबट चेरीचे सुमारे नऊ-दशांश पीक हातचे गेले. वसंत लवकर आला म्हणून थंडीचे भय संपले, असे समजणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसते. फुलोरा नेहमीपेक्षा किती दिवस आधी आला, हे मागील वर्षांच्या नोंदींवरून कळते; धोका किती वाढला याचा अंदाज घेऊन बागाईतदार बचावाची तयारी ठेवू शकतो.

आपल्याकडे काय करता येईल

महाराष्ट्राच्या मैदानी भागात ट्यूलिपला लागणारी दीर्घ थंडी मिळत नाही. तेव्हा त्याचे कंद आणून खर्च करू नये. पद्धत मात्र घेण्याजोगी आहे. ‘सीझनवॉच’ या भारतीय उपक्रमात शाळांतील मुले ठरलेल्या झाडांची पालवी, फुले व फळे यांची दर आठवड्यास नोंद करतात. आपल्या गावच्या शाळेनेही आंबा, पळस, बहावा यांपैकी एखादे झाड निवडावे, त्यावर खूण करावी आणि दरवर्षी त्याच झाडाची तारीख एकाच वहीत लिहावी. झाड बदलू नये आणि तारीख आठवणीने मागाहून भरू नये.

आंब्याच्या मोहोराची नोंद तर बागाईतदारास थेट उपयोगी पडेल; कारण तुडतुडे व भुरी यांच्या बंदोबस्ताची वेळ मोहोर फुटण्यावरच अवलंबून असते. ग्रामसेवकांनी शिक्षकांच्या साहाय्याने शेजारच्या चार-पाच गावांच्या वह्या वर्षातून एकदा एकत्र पाहाव्यात. एका वर्षाची नोंद ही केवळ बातमी होय. दहा वर्षांची नोंद ही गावाची ठेव ठरेल.