अटलांटिकचे चक्र आणि अर्थशास्त्राचा हिशेब

अर्थशास्त्राचा विद्यार्थी प्रथम सीमान्त विचार शिकतो. कारण थोडे वाढले की परिणामही थोडा वाढतो, असे त्यात गृहीत असते. निसर्ग झेपा घेत नाही, अशा अर्थाचे लॅटिन वचन आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली आपल्या ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावरच छापले होते. हवामानबदलाचा जमाखर्चही आपण बहुधा याच रीतीने मांडतो. अटलांटिक महासागराची साक्ष मात्र वेगळी आहे.

उष्ण कटिबंधातील ऊबदार, खारट पाणी पृष्ठभागावरून उत्तरेकडे वाहते. ग्रीनलंड व नॉर्वेच्या परिसरात ते थंड व जड होऊन खोल बुडते आणि खालून दक्षिणेकडे परतते. २६.५ उत्तर अक्षांशावर २००४ पासून याची मोजणी होत आहे. हा ओघ सेकंदाला सरासरी सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर भरतो. ब्रिटन आणि कॅनडातील लॅब्रॅडॉर साधारण एकाच अक्षांशांत असूनही ब्रिटनचा हिवाळा सौम्य असतो. त्यात वाऱ्यांबरोबर या उष्णतेचाही वाटा आहे.

हे चक्र पाण्याच्या जडपणावर चालते. वितळत्या बर्फाचे गोडे पाणी मिसळले की समुद्राचे पाणी हलके होते व बुडेनासे होते. म्हणूनच पृथ्वी तापत असता वायव्य युरोप गारठण्याचा संभव निर्माण होतो. हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ साली दाखवून दिले की, एकाच बाह्य परिस्थितीत अशा चक्राच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात. म्हणजे मर्यादा एकदा ओलांडली की, कारण मागे घेतले तरी परिणाम मागे फिरेलच असे नाही.

आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात हे चक्र मंदावण्याची शक्यता फार मोठी आहे. २१०० पूर्वी ते अकस्मात कोसळणार नाही, याची ग्वाही मात्र समितीने मध्यम विश्वासानेच दिली आहे. हा केवळ युरोपचा प्रश्न नव्हे. चक्र खंडित झाल्यास उष्ण कटिबंधातील पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकून भारतीय मोसमी पाऊस दुबळा होऊ शकतो, असे अनेक संगणकीय प्रतिमाने दर्शवितात. कोरडवाहू शेतीच्या महाराष्ट्राला याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

घराला आग लागण्याची शक्यता अल्पच असते. तरी शहाणा माणूस विमा उतरवितो, कारण तो शक्यतेबरोबर नुकसानीचा आकारही पाहतो. उत्सर्जन घटविण्याचा खर्च हा असाच विम्याचा हप्ता होय. आग लागल्यावर विमा उतरवून मिळत नाही, एवढे भान धोरणकर्त्यांनी ठेवले पाहिजे.