थारोसॉरसचा पुनरागमनाचा अर्ज

राजस्थानात जैसलमेरच्या आसमंतात, जेथे आज उन्हाचा आणि वाळूचाच अंमल चालतो, तेथील खडकांतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने काही मणके आणि एक बरगडी एवढा तुटपुंजा ऐवज हस्तगत केला. आणि रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांसह केलेल्या त्याच्या अभ्यासावरून 2023 साली ‘थारोसॉरस इंडिकस’ या नव्या डायनोसॉरची शास्त्राच्या दप्तरी रीतसर नोंद झाली. सुमारे 16 कोटी 70 लक्ष वर्षांपूर्वीचा हा लांब मानेचा शाकाहारी प्राणी डायक्रिओसॉरिड कुळाचा सर्वांत प्राचीन ज्ञात प्रतिनिधी होय.

असा प्राणी सापडला, की त्याला पुन्हा जिवंत करता येईल काय, अशी पृच्छा ‘जुरासिक पार्क’ चित्रपटापासून हटकून होते. त्यासाठी आधी त्याचा डीएनए हाती यायला हवा, आणि अडचण तेथेच आहे. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून 2012 साली मांडलेल्या हिशेबानुसार डीएनएचे निम्मे दुवे 521 वर्षांत तुटतात. आणि ग्रीनलंडच्या गाळातून वाचता आलेला अतिप्राचीन डीएनएदेखील सुमारे 20 लक्ष वर्षांचाच आहे. थारोसॉरसचे वय त्याच्याही ऐंशीपटींहून अधिक! कोंबडीच्या आडवाटेने जावे, तर पक्षी हे डायनोसॉरांचे वंशज खरे, आणि 2015 साली कोंबडीच्या भ्रूणात चोचीच्या जागी पूर्वजांसारखे मुस्कट घडवल्याचेही प्रसिद्ध झाले. परंतु पक्षी उतरले ते डायनोसॉरांच्या थेरोपॉड नावाच्या शाखेतून, थारोसॉरसच्या शाखेला मात्र वारसच उरला नाही.

तथापि क्षणभर समजू, की हे महाशय जुन्या वहिवाटीचा हक्क सांगत जैसलमेरला दाखल झाले. त्यांच्यापुढे थारचे सेवण गवत टाकले, तर ते त्याला ओळखणारही नाहीत, कारण नेचे, सायकस आणि सूचिपर्णी यांच्या त्या युगात गवत उपजलेच नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे 2005 साली जाहीर झाले हे खरे. पण ते गवत खाणारे डायनोसॉर थारोसॉरसनंतर सुमारे दहा कोटी वर्षांनी वावरले.

प्राणी एकटा जगत नसतो. त्याचे हवापाणी, चारा आणि भूगोल ही त्याच्या देहाचीच पुरवणी असते. सबब, ज्याला थारोसॉरस हवा असेल त्याने आधी त्या काळचा टेथिस समुद्र जैसलमेरच्या दाराशी परत आणावा, नेच्यांची राने लावावीत आणि भारतभूमी तेव्हाच्या गोंडवन महाखंडाला परत जोडून द्यावी. मगच अर्जाचा विचार करता येईल.