नोंदणी कशाची? दिव्यांगसेवेच्या कायद्यातील एका शब्दाचा विचार

मराठीत ‘नोंदणी’ हा शब्द षष्ठीची अपेक्षा ठेवून येतो. जन्माची नोंदणी, दस्ताची नोंदणी, विवाहाची नोंदणी असे म्हटले म्हणजे अर्थ पुरा होतो. नुसते ‘नोंदणी झाली आहे’ एवढेच म्हटले, तर ‘कशाची?’ हा प्रश्न उरतो. व्यवहारात मात्र तो बहुधा विचारला जात नाही. दिव्यांग व्यक्तींसाठी सेवा चालविणाऱ्या संस्थांच्या बाबतीत हे मौन विशेष महाग पडते. कारण तेथे या एकाच शब्दाने निदान चार निरनिराळ्या कायदेशीर क्रिया दर्शविल्या जातात, आणि त्यांपैकी एक पार पडली की उरलेल्याही पार पडल्या, असा समज सहज होतो. या चार क्रियांचे स्वरूप आणि त्यांतील परस्परभेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय मूर्त व्हावा म्हणून भोसरीचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. पुणे-नाशिक मार्गावरील या गावाच्या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी यांची मिळून एक नगरपालिका झाली, व १९८२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. कारखान्यांतील पाळ्यांवर संसार चालविणारी अनेक कुटुंबे येथे मराठवाडा, खानदेश, विदर्भ अशा दूरच्या भागांतून आलेली आहेत. गावाकडे आजी, काकू, शेजारीण मिळून जो सांभाळ करीत, तो करावयास येथे दोन खोल्यांच्या घरात कोणी नसते. त्यात मूल बौद्धिक दिव्यांगतेचे किंवा मेंदूच्या पक्षाघाताचे असेल, तर अडचण अधिकच तीव्र होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ३१ अन्वये लक्षणीय दिव्यांगता असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की शाळा सुटते. आईवडिलांची पाळी मात्र सुटत नाही.

समजा, अशा दहाबारा पालकांनी एकत्र येऊन दोन खोल्या भाड्याने घेतल्या, एक विशेष शिक्षिका आणि एक मदतनीस नेमली, आणि आपल्या प्रौढ मुलामुलींसाठी दिवसाचे केंद्र सुरू करण्याचे ठरविले. त्यांना पहिला सल्ला मिळतो तो ‘आधी नोंदणी करून घ्या’ हाच. येथूनच घोटाळ्यास आरंभ होतो.

पहिली नोंदणी ही मंडळाची होय. किमान सात व्यक्तींना संस्था नोंदणी अधिनियम, १८६० याखाली संस्था स्थापन करता येते. महाराष्ट्रात अशी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याखालीही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदविली जाते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ प्रमाणे नफा न वाटणारी कंपनी काढणे हाही एक मार्ग आहे. या नोंदणीने मंडळास कायद्याच्या दृष्टीने अस्तित्व मिळते. त्याच्या नावे बँकेत खाते उघडता येते, देणगी घेता येते, हिशेबांची तपासणी करून घेणे बंधनकारक होते. परंतु हे मंडळ वाचनालय चालविणार की दिव्यांगांचे केंद्र, याची गुणवत्तेच्या अंगाने पारख येथे होत नाही. धर्मादाय कार्यालयाचा दाखला भिंतीवर लावला म्हणजे केंद्र ‘मान्यताप्राप्त’ झाले, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

दुसरी नोंदणी ही कार्याची, किंवा कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर ‘संस्थे’ची होय. येथे ‘संस्था’ हा शब्द पारिभाषिक अर्थाने आला आहे. १९९५ च्या अधिनियमात अशा संस्थांना मान्यता देण्याची तरतूद होतीच. २०१६ च्या अधिनियमाने तिची जागा घेतली व तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांग व्यक्तींना ठेवून घेणे, त्यांची काळजी, संरक्षण, शिक्षण, प्रशिक्षण, पुनर्वसन आणि इतर कार्ये यांसाठी असलेली कोणतीही संस्था, अशी व्यापक व्याख्या केलेली आहे. निवासाची सोय नसलेले दिवसाचे केंद्रही तीत येते. कलम ५० नुसार नोंदणीचे प्रमाणपत्र असल्याखेरीज अशी संस्था कोणालाही स्थापता किंवा चालविता येत नाही. अपवाद दोन : शासनाने स्वतः चालविलेल्या संस्था, आणि मानसिक आजारासंबंधीच्या कायद्याखाली वैध परवाना असलेल्या संस्था.

अर्ज राज्य शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. महाराष्ट्रात या विषयाचे मुख्य कार्यालय पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालय हे असून, डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही निर्माण केला. अर्ज आल्यावर प्राधिकाऱ्याने चौकशी करावयाची, विहित सुविधा आणि मानके पाळण्याची संस्थेची कुवत आहे की नाही हे पाहावयाचे, व ९० दिवसांच्या आत प्रमाणपत्र द्यावयाचे किंवा नाकारावयाचे, असा कलम ५१ चा दंडक आहे. नाकारावयाचे झाल्यास आधी अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे आणि निर्णय लेखी कळविला पाहिजे. त्याविरुद्ध कलम ५३ प्रमाणे अपील करता येते. प्रमाणपत्रास मुदत असते, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी निदान ६० दिवस आधी करावा लागतो. खोटी माहिती दिली किंवा अटी मोडल्या, तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. तसे झाल्यास तेथील व्यक्तींना पालकांकडे किंवा दुसऱ्या संस्थेत पाठविण्याचा आदेशही देता येतो. अधिनियमाच्या भंगासाठी पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत, आणि पुढील प्रत्येक वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे.

तिसरी नोंदणी ही व्यक्तीची होय. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ याखाली विशेष शिक्षक, श्रवण व वाचातज्ज्ञ इत्यादी व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ठेवली जाते. त्या वहीत नाव नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणे हा एक वर्षापर्यंतच्या कारावासास किंवा दंडास पात्र असा गुन्हा आहे. भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २००२ च्या अधिनियमाने वेगळी राज्य परिषद आहे. तेव्हा भोसरीतील पालकांनी नेमलेल्या शिक्षिकेची नोंद आहे, एवढ्यावरून केंद्राची नोंद झाली असे होत नाही. उलट केंद्राचे प्रमाणपत्र शिक्षिकेच्या पात्रतेची हमी ठरत नाही.

चौथी नोंदणी ही राष्ट्रीय न्यासाकडील. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता या चार प्रकारांसाठी १९९९ च्या अधिनियमाने हा न्यास स्थापन झाला. दिव्यांगांच्या संघटना, पालकांच्या संघटना आणि स्वयंसेवी संस्था त्याच्याकडे नाव नोंदवू शकतात. ही नोंदणी संस्था चालविण्याची परवानगी नसून न्यासाशी जोडलेले नाते आहे. तिच्यामुळे दिवसाची देखभाल, समूहनिवास इत्यादी योजनांचे दार उघडते. शिवाय जिल्ह्याच्या स्थानिक पातळी समितीपुढे प्रौढ दिव्यांगासाठी पालकत्वाचा अर्ज करण्याचा अधिकारही नोंदणीकृत संस्थेस मिळतो. ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा आईबापांचा प्रश्न कायद्याच्या भाषेत जेथे पहिल्यांदा मांडता येतो, ती हीच जागा होय.

निवासी संस्थेत काळजी व संरक्षणाची गरज असलेली अठरा वर्षांखालील बालके असतील, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ खालील नोंदणी आणखी निराळी.

इतक्या वह्या कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर इतिहासात सापडते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयस्थानास आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रहिवाशांना पळून जाता आले नाही, आणि २८ जण मृत्युमुखी पडले. महाराष्ट्रात २०१० साली ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील गतिमंद मुलांच्या निवासगृहातील मुलांच्या मृत्यूंच्या वृत्तांची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती : जे आत होते त्यांना आपली तक्रार बाहेर पोचविता येत नव्हती. ज्याला बोलता येत नाही, किंवा ज्याचे बोलणे कोणी प्रमाण मानीत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी बाहेरचा माणूस आत जाऊन पाहू शकला पाहिजे. नोंदणीचे मूळ प्रयोजन हे आहे. ज्या संस्थेची नोंद नाही, तिची तपासणी कोणी करावी, हेच ठरत नाही. अर्थात् नोंद आहे म्हणून तपासणी होतेच असेही नाही, हेही तितकेच खरे.

आता या चारही वह्यांत काय नाही, तेही पाहिले पाहिजे. मंडळ आहे, संस्था आहे, व्यावसायिक आहे. परंतु ‘सेवा’ हे नाम त्यांत स्वतंत्रपणे कोठेच येत नाही. घरी येऊन प्रौढ मुलाला आंघोळ घालणाऱ्या, भरविणाऱ्या, रुग्णालयात सोबत करणाऱ्या मदतनिसाला अशी नोंदणी सक्तीची नाही. ऑस्ट्रेलियात २०१३ च्या राष्ट्रीय दिव्यांगता विमा योजनेने वेगळी रचना स्वीकारली आहे. तेथे निधी व्यक्तीच्या नावे मंजूर होतो, आणि सेवा पुरविणाऱ्याची नोंदणी सेवेच्या प्रकारांनुसार केली जाते. त्यावर देखरेख ठेवणारा आयोग १ जुलै २०१८ पासून काम करू लागला. तरीही जे आपल्या निधीचा व्यवहार स्वतः पाहतात, त्यांना बऱ्याच सेवा नोंदणी नसलेल्यांकडूनही घेता येतात. म्हणजे सेवेला नोंदणीचा विषय केल्यावरही प्रश्न पुरता सुटतो असे नाही. मात्र तो निदान विचारला तरी जातो.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी तरतूद २०१६ च्या अधिनियमातील कलम ३८ ची आहे. अधिक साहाय्याची गरज असलेल्या व्यक्तीने स्वतः, किंवा तिच्या वतीने दुसऱ्याने, अर्ज करावा व मूल्यमापन मंडळाने ती गरज तपासावी, असे तीत म्हटले आहे. ‘साहाय्य’ या शब्दाचा तेथील अर्थ केवळ शारीरिक मदत एवढाच नाही. स्वतंत्रपणे आणि समजून निर्णय घेण्यास होणारी मदतही त्यात धरलेली आहे. मराठीत ‘आश्रय’, ‘सांभाळ’, ‘साहाय्य’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. वस्तुतः आश्रय देणारा निर्णय आपल्याकडे घेतो, साहाय्य करणारा तो समोरच्याकडेच ठेवतो. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द शासकीय व्यवहारात रूढ झाला. त्याविषयी दिव्यांगांमध्येही मतभेद आहेत. परंतु नामापेक्षा क्रियापद बदलणे अधिक अवघड असते, आणि ‘ठेवणे’ या क्रियापदाच्या जागी ‘साहाय्य करणे’ हे अजून पुरतेपणी आलेले नाही. ‘मुलाला संस्थेत ठेवले’ असेच आपण आजही म्हणतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी ज्यांना दुसऱ्याच्या हातावर दिवस काढावा लागतो, त्यांच्या आईवडिलांना कायद्याचा अभ्यास करण्यास सवड नसते. त्यांच्यासाठी अधिनियमाने एक साधी सोय करून ठेवली आहे. प्रमाणपत्राची प्रत संस्थेने दर्शनी जागी लावली पाहिजे, असे कलम ५१ सांगते. भोसरीतील एखाद्या केंद्राच्या दारात मुलाचा हात धरून उभ्या राहिलेल्या आईने त्या कागदावर तीन गोष्टी वाचाव्यात : तो कोणत्या अधिनियमाखाली दिला आहे, कशासाठी दिला आहे, आणि त्याची मुदत केव्हा संपते. कागद नसेल, किंवा आहे तो धर्मादाय कार्यालयाचाच असेल, तर तिने ‘नोंदणी आहे का?’ असे विचारून भागणार नाही. ‘नोंदणी कशाची आहे?’ असेच तिने विचारले पाहिजे.