पेटीतले ग्रंथालय

वाचक ग्रंथालयाकडे फिरकत नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. ग्रंथालय वाचकाकडे किती वेळा गेले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. बडोद्यात हा विचार शंभर वर्षांपूर्वी झाला होता. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण केले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. शिवाय फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या पुस्तकांनी भरून गावोगाव पाठविल्या जात. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्यातर्फेच चलच्चित्रांचे खेळ होत. निरक्षरालाही ग्रंथालयाचा लाभार्थी मानण्याची ही दृष्टी आजही दुर्मीळ आहे.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना याच वाटेवरची. शंभर पुस्तकांची पेटी एखाद्या वाचकगटाकडे द्यायची, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची, इतकी साधी तिची रचना. ही पेटी दुबईतील मराठी मंडळींपर्यंतही पोचली. तिचे खरे बळ पुस्तकांइतकेच ती सांभाळणाऱ्या माणसात आहे. शेजारच्या घरातून पुस्तक नेताना दोन शब्द बोलले जातात, ‘हे वाचून पाहा’ असे कोणी सुचवते. कपाटांच्या रांगांमध्ये हे सहसा घडत नाही. पाचगणीजवळच्या भिलार गावात २०१७ पासून राज्य सरकारने घराघरांत पुस्तके ठेवली, तेथेही यजमानाच्या अगत्याचा वाटा मोठा आहे.

महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये आहेत. ‘अ’ ते ‘ड’ असा त्यांचा दर्जा ठरविताना ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद यांची मोजदाद होते. अनुदानावर कशीबशी गुजराण करणारे ग्रंथालय साहजिकच या आकड्यांकडे पाहते. सोसायटीत पाठविलेली पेटी त्याला जादा व्याप वाटते.

तरीही सुरुवात अवघड नाही. दिवाळी अंकांच्या योजनेसाठी ठरावीक रक्कम भरून नाव नोंदविणाऱ्यांपैकी कित्येक जण अंक संपले की पुन्हा ग्रंथालयात दिसत नाहीत. त्यांची नावे आणि पत्ते नोंदवहीत असतातच. पहिली पेटी कोणत्या सोसायटीत ठेवायची आणि ती कोणाच्या हाती सोपवायची, हे त्या नोंदवहीवरूनच ठरविता येईल.