पेटीतलं ऊन

सवाना मॉनिटर ही आपल्या घोरपडीची आफ्रिकी चुलत बहीण. पूर्ण वाढली की मीटरभर लांब, धिप्पाड, सतत माती उकरणारी. ब्रिटनमध्ये तिला बॉस्क मॉनिटर म्हणतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत घाना, टोगो आणि बेनिनमधून तिची पिल्लं हजारोंनी अमेरिका-युरोपच्या दुकानांत गेली. वीतभर लांब, स्वस्त, हातावर घेता येणारी. तेव्हापासून आजवर ही घोरपड पाळण्याच्या शास्त्रात एक आकडा सतत वर चढत गेला आहे. तो आहे तिच्या ऊन खायच्या जागेच्या तापमानाचा. जुन्या पुस्तिका पस्तीस अंश सेल्सियसच्या आसपास थांबायच्या. आजचे जाणकार पंचावन्न ते पासष्ट सांगतात. या फरकाची किंमत पैशांत मोजलेली नाही, जनावरांनी मोजली आहे.

त्या काळची ठरलेली व्यवस्था अशी: माशांसाठी बनवलेली काचेची पेटी, वर जाळीचं झाकण, तळाला लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू, पाण्याचं एक भांडं, एका कोपऱ्यात दिवा आणि आत ‘हॉट रॉक’, म्हणजे विजेवर तापणारा नकली दगड. नाव सवाना, त्यामुळे प्राणी वाळवंटी, अशी समजूत. दगड नेमक्या चुकीच्या जागी तापायचा. हवा गार, पाठ गार, ऊब फक्त पोटाखाली. अंग काही हवं तेवढं तापत नाही म्हणून जनावर तासन्तास तिथंच चिकटून बसायचं आणि पोट भाजून घ्यायचं. दिव्याची उष्णता झाकणाच्या जाळीतून निघून जायची. जाताना पेटीतला ओलावाही घेऊन जायची.

गंमत म्हणजे, यापेक्षा चांगलं कसं करायचं हे माणसाला तेव्हा ठाऊक नव्हतं असं नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरीसृप विभाग सांभाळणाऱ्या जोन प्रॉक्टर यांनी १९२७ साली उघडलेलं नवं सर्पालय स्वतः आखलं होतं. एकाच दालनात कुठे जास्त, कुठे कमी अशी विजेची ऊब आणि अतिनील किरण आत सोडणारी खास काच, असा तो थाट होता. त्याच वर्षी तिथं कोमोडोचे दोन ड्रॅगन आले, म्हणजे घोरपडीच्या कुळातले सगळ्यात थोरले. त्यातला सुंबावा प्रॉक्टरबाईंना इतका सरावला होता की त्या त्याला बागेत फिरवायच्या. पुढे १९४४ साली अमेरिकेत रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटी सरड्यांवरचा अभ्यास छापला. सरडा ‘थंड रक्ताचा’ म्हणून हवा देईल ते तापमान मुकाट सोसतो, ही समजूत त्यांनी मोडली. तो ऊन-सावलीत ये-जा करून स्वतःचं तापमान स्वतः राखतो. थोडक्यात, त्याला नुसती कोमट खोली देऊन भागत नाही, निवडीला वाव द्यावा लागतो. हे छापून झाल्यावरही पुढची चाळीस-पन्नास वर्षं दुकानदार कोमट पेट्याच विकत राहिले.

१९९० च्या दशकात दोन ठिकाणांहून धक्के बसले. पहिला अ‍ॅरिझोनातून. फ्रँक रेटिस या पाळणाऱ्याने दिव्याखाली प्लायवूडच्या फळ्या एकावर एक रचल्या, मधे घोरपड जेमतेम शिरेल एवढ्या फटी ठेवून. वरची फळी हात लावता येणार नाही इतकी तापलेली, खालची गार, मधल्या प्रत्येक मजल्यावर वेगळं तापमान. जनावर वर येऊन थोडा वेळ तापायचं, मग फटीत शिरून हवं तिथं पडून राहायचं. उघड्यावर ताटकळायची गरज नाही. आज जगभर ही रचना ‘रेटिस स्टॅक’ म्हणूनच ओळखली जाते. तिला लागतात सुताराकडचे उरलेले तुकडे, आणि माझ्या मते या छंदातला याच्याइतका स्वस्त आणि शहाणा शोध दुसरा नाही. २००१ साली ‘हर्पेटोलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये रेटिसच्या चार जातींच्या घोरपडींची नोंद आली: बंदिस्तात पिढ्यामागून पिढ्या, वर्षात अनेकदा अंडी. तोवर घोरपडींनी बंदिस्तात विणं ही नवलाई समजली जायची.

दुसरा धक्का घानातून. डॅनियल बेनेट हे ब्रिटिश अभ्यासक घानाच्या किनारी सपाटीवर या घोरपडींच्या मागे हिंडले. पिल्लं सापडली ती शेतांत, मोठ्या रातकिड्यांनी खणलेल्या बिळांत. पोटात काय होतं? रातकिडे, गोमा, विंचू, गोगलगायी. उंदीर जवळजवळ नाहीतच, आणि इकडे दुकानदार उंदरांवर उंदीर चारत होते, त्यामुळे जनावरं फुगत होती. रवी ठाकूरद्याल यांच्यासोबत बेनेट यांनी २००३ साली या एका जातीवर पुस्तकच लिहिलं. वाळवंटी मानलेला हा प्राणी आयुष्याचा मोठा भाग जमिनीखालच्या दमट हवेत काढतो, ही गोष्ट त्यानंतर पाळणाऱ्यांच्या डोक्यात शिरू लागली.

इथे उष्णतेचा आणि मातीचा प्रश्न एकच होऊन जातो. वर साठ अंशांचं ऊन द्यायचं तर खाली ओल हवीच, नाहीतर जनावर हळूहळू सुकतं, मूत्रपिंडं थकतात, सांध्यांत युरिक आम्ल साठतं. कित्येक सवाना मॉनिटर अशाच गेल्या, आणि मालक म्हणत राहिले की पाण्याचं भांडं तर रोज भरत होतो. माती अशी हवी की मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये; त्यात खणलेलं बीळ ढासळता कामा नये. मातीची खोली निदान दोन फूट. मादीला अंडी घालायला एवढी खोल माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि ती मरते.

दिव्यांचंही तसंच. एकच प्रखर दिवा मीटरभराच्या जनावराच्या पाठीवर रुपयाएवढा डाग तापवतो, बाकी अंग गारच. मग ते हलत नाही आणि पाठ भाजते. म्हणून कमी वॅटचे तीन-चार हॅलोजन दिवे ओळीने लावतात, नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत सगळं एकदम तापेल असे. तापमान काचेला चिकटवलेल्या तबकडीवर पाहायचं नसतं. कारखान्यात वापरतात तो पिस्तुलासारखा इन्फ्रारेड तापमापक थेट फळीवर रोखायचा. यातला पेच नंतर उभा राहिला. जुने बल्ब विजेची उधळपट्टी करतात म्हणून युरोपात ते टप्प्याटप्प्याने बंद झाले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये नेहमीच्या आकाराच्या हॅलोजनवरही गदा आली. सरकारच्या लेखी वाया जाणारी ती उष्णता हेच घोरपडीचं ऊन होतं! एलईडीखाली तिला लख्ख दिसतं, पण अंग तापत नाही.

आज मोठ्या सवाना मॉनिटरसाठी आठ फूट लांब, चार रुंद, चार उंच अशी बंद लाकडी पेटी ही किमान गरज मानली जाते. हिशेब करून पाहा. त्यात दोन फूट ओली माती म्हणजे अडीच टनांच्या घरातलं वजन, म्हणजे चौरस मीटरला साधारण साडेआठशे किलो. आपल्याकडे राहत्या घरांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास असतो. दिव्यांची रोजची पाचएक युनिटं वेगळीच. पुण्या-मुंबईत तिसऱ्या मजल्यावर हौस म्हणून अशी घोरपड आणणाऱ्याने आधी बांधकामाच्या इंजिनिअरला विचारावं, पशुवैद्याला नंतर.

चाळीस वर्षांनी चित्र काय? ज्ञान आहे, साधनं आहेत, आणि तरीही सवाना मॉनिटरची बंदिस्तात पैदास करणारे विरळाच. बाजार चालतो तो आफ्रिकेत पकडलेल्या माद्यांच्या अंड्यांवर आणि पिल्लांवर. माझं मत स्पष्ट आहे: हा घरात पाळायचा प्राणी नाही. ज्याला तो नीट ठेवता येईल त्याच्याकडे एक स्वतंत्र खोली असते, आणि असे लोक दुकानातून आवेगाने पिल्लू उचलत नाहीत.

भारतात कायद्याने बराचसा प्रश्न मिटवला आहे. आपली घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणं, बाळगणं, विकणं यासाठी तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. परदेशी मॉनिटर आधीच घरात असेल तर २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर तिची नोंदणी सक्तीची आहे. आणि पावसाळ्यात एखादी घोरपड तुमच्या अंगणात किंवा न्हाणीघरात शिरली, तर तिला खोक्यात कोंडून दिव्याखाली ठेवू नका. दार उघडं ठेवा, कुत्री बांधा आणि ती गेली नाही तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.